पाचव्या दिवसाचं परमिट

लाईट गेली.

"अरे देवा! अकरा गाड्या राहिल्या होत्या... अकराच!" सुचितानं हातातला कॉम्प्युटर आपटायचा तेवढा बाकी ठेवला, चप्पल पायात सरकवली आणि स्कूटी काढली. मागून आई "ऊन किती तापलं, टोपी तरी घाल" म्हणत राहिली. ऐकतंय कोण! मोताळ्याच्या टोकाला असलेलं वीज उपकेंद्र येईपर्यंत ती मनातल्या मनात अख्ख्या वीज खात्याचा उद्धार करत होती.

आत टेबलाशी एक तिशीचा माणूस शांतपणे रजिस्टर लिहीत बसला होता. इतका शांत, की बघूनच तिचं डोकं आणखी फिरलं.

"लाईन काऊन बंद केली?" शाळेत मुलांना गणित शिकवताना तिची भाषा पुस्तकातली असायची, पण चिडली की घरची बाहेर पडायची.

"बसा."

"मी बसायले नाही आली!"

"लाईन बंद ठेवायचं परमिट आहे, मॅडम. रोहिणखेड रस्त्यावर खांबावर माणूस चढेल आहे. तो खाली उतरून परमिट परत देईन, तवाच लाईन चालू. त्याच्या आधी कलेक्टर आले तरी नाही."

"आणि कोणी मरून राह्यलं असलं तर?"

त्यानं पेन खाली ठेवलं. "कोण मरून राह्यलं?"

सुचिता खालच्या आवाजात म्हणाली, "माझी गाडी... बर्फात होती."

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. मे महिना, चव्वेचाळीस डिग्री, डांबरसुद्धा मऊ पडलेलं. "बर्फात?"

मग सांगावंच लागलं. तो कॉम्प्युटर तिच्या आतेकाकांनी मस्कतहून आणला होता, शहाऐंशी साली. रबराच्या बटणांचा एवढासा कीबोर्ड, तोच सगळा कॉम्प्युटर. तो ब्लॅक अँड व्हाईट पोर्टेबल टीव्हीला जोडायचा आणि गेम टेपरेकॉर्डरवरून कॅसेट वाजवून भरायचा. त्यालाच सहा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ टेप कर्कश किंचाळत असते. गेम म्हणजे पाच दिवसांची अखंड शर्यत. रोज तीनशे गाड्या मागे टाकायच्या. ऊन, रात्र, धुकं, बर्फ, पुन्हा उजाडणार, पण गाडी थांबायची नाही. एकेक दिवस दहा मिनिटांचा. आणि मधे लाईट पापणी लवेपर्यंत जरी गेली, तरी ते यंत्र सगळं विसरतं. घरातला इन्व्हर्टर चालू व्हायला तेवढाच वेळ घेतो, म्हणून त्याचाही उपयोग शून्य.

तो हसला नाही. नुसतं विचारलं, "कितव्या दिवसाले होत्या?"

"चौथ्या."

"अरेरे," तो म्हणाला, आणि ते इतकं मनापासून म्हणाला की सुचिताला भांडण पुढे नेता येईना. त्याचं नाव गजेंद्र. नांदुऱ्याचा.

एक गोष्ट मात्र तिनं त्याला सांगितली नाही. सहावं स्थळ नाकारल्यावर बाबा, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक गुलाबराव, हटून बसले होते, की आता अकोल्याच्या मुलाला होच म्हणायचं. तेव्हा माळ्यावरून नुकताच काढलेला हा कॉम्प्युटर पुढ्यात होता. "ही शर्यत पुरी झाली की हो म्हणते, त्याच्या आत नाव काढायचं नाही," असं ती वैतागून बोलून गेली. तिला वाटलं, आपल्याकडची लाईट अशी, की शर्यत दिवाळीपर्यंत तरी पुरी होत नाही. गुलाबराव लगेच कबूल झाले. लेक हातात घेतलेलं अर्धं सोडत नाही आणि मुद्दाम हरणं तिला जमत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि तिच्या मनात तेव्हा दुसरं कोणी नव्हतंच, मग हो काय नि नाही काय!

दुसऱ्या दिवशी गजेंद्रचा फोन आला; तक्रारीच्या रजिस्टरात तिनंच नंबर लिहून ठेवला होता. "मॅडम, दहा वाजून चाळीसले परमिट आहे. खेळू नका."

तिसऱ्या दिवशी, "आज बारापर्यंत बिनधास्त." पावणेबाराला वारा सुटला, तारा एकमेकींना भिडल्या आणि लाईट गेली.

"तुमी म्हटलं होतं बारापर्यंत!"

"वाऱ्यानं मले इचारलं नाही, मॅडम."

"मग तुमी काय कामाचे?"

"लाईन चालू करायच्या कामाचा. दोन मिनिटं द्या... आणि तोवर फोन ठेवू नका."

तिनं ठेवला नाही. लाईट आली तरी ठेवला नाही.

मग एकदा तो घरावरची वायर ढिली आहे का पाहायला आला. खांबावरून उतरला आणि चहासाठी आत बसला तो बसलाच. टेप किंचाळत होती तेवढी सहा मिनिटं दोघं बोलत होती. त्याला कारल्याची भाजी आवडते, हे ऐकून ती म्हणाली, "अशा माणसावर भरवसा ठेवू नये." तो म्हणाला, "नका ठेवू. पण डावीकडून ट्रक येऊन राह्यला." तिनं कीबोर्डवर बोट दाबलं, त्याचा कोपर तिच्या कोपराला लागला आणि गाडी सरळ ट्रकवर जाऊन आदळली.

"तुमच्यामुळं!"

"मी तर हाललोबी नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं. हालली तीच होती.

आता लाईट गेली की तिला बरं वाटायचं. भांडायला निमित्त मिळायचं ना! पण गजेंद्र भांडायचा, हसायचा, वेळा सांगायचा आणि मुद्द्याचं म्हणाल तर तोंडातून चकार शब्द नाही. खांबावर सरसर चढणारा माणूस एवढ्याशा वाक्याला का अडतो, या विचारानं ती रोज उठून वैतागायची.

आणि एका रविवारी सकाळी तो दारात उभा राहिला. खांद्यावर ट्रॅक्टरची बॅटरी.

"काय आणलं हे?"

"तुमची शर्यत पुरी करायले. टीव्ही बारा व्होल्टवर चालते. कॉम्प्युटरले नऊ लागतात, बाराचे नऊ करायची डबी मी बनवली, दोन दिवस खपून. आता गावाची लाईट जावो का राहो!" कौतुकाच्या आशेनं तो पाहत होता.

सुचितानं कपाळावर हात मारून घेतला. एवढा हुशार माणूस, आणि एवढा बावळट!

गुलाबरावांना मात्र आनंद मावेना. त्यांनी खुर्ची ओढली. गजेंद्र बॅटरीशेजारी जमिनीवर बसला. शर्यत सुरू झाली. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. मुद्दाम हरावं असं तिला हजारदा वाटलं, पण मेली बोटं ऐकतील तर शपथ! चौथ्या दिवसाचा बर्फ संपला आणि आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर पाचवा दिवस उजाडला. बघता बघता त्याचंही धुकं लागलं.

"एक्केचाळीस गाड्या राहिल्या!" गुलाबराव मांडीवर थाप मारत म्हणाले. "गजेंद्र, लई उपकार झाले तुमचे. ही शर्यत संपली की पोरगी अकोल्याच्या स्थळाले हो म्हणणार. शब्द देल्ला आहे तिनं."

सुचिताला मान वळवता येत नव्हती. एकोणतीस. सव्वीस. बोल ना रे, ती मनात ओरडत होती, आता तरी बोल!

"तुले..." गजेंद्र एकदम म्हणाला. आजवरचं 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं. "तुले करायचं आहे ते लग्न?"

"आता इचारतो? गाडी धुक्यात असतानी?"

"हो का नाही, एवढंच सांग."

चौदा. बारा. एक लॉरी चाटून गेली.

"नाही! नाही, नाही, नाही!"

नऊ...

पडदा आक्रसला, मधोमध पांढरा ठिपका उरला आणि तोही विझला.

"गेली का लाईट?" गुलाबरावांनी वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. त्यांनी खाली पाहिलं. गजेंद्रच्या हातात बॅटरीची लाल क्लिप होती.

"हे काय केलं बे?"

गजेंद्र उभा राहिला. कान लालबुंद, पण क्लिप सोडली नाही. "सर, आठ वर्षं झाली नोकरीले. परमिटाबिगर लाईन कधी बंद केली नाही. आज केली."

"नऊ गाड्या!" सुचिता उठली. तिला हसू येत होतं की रडू, तिलाच कळेना. "नऊ राहिल्या होत्या, गजेंद्र! महिनाभर तोंड उघडलं नाही, आणि उघडलं ते पाचव्या दिवसाले! आता परमिट कोण देईन तुले?"

"तेच मांगून राह्यलो." त्यानं आधी गुलाबरावांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुमचं दोघांचं पायजे."

गुलाबरावांनी चष्मा पुसला, लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते खुर्चीतून उठले. "शब्द होता, शर्यत पुरी झाली तर. शर्यत काही पुरी झाली नाही. अकोल्यावाल्यांले काय सांगू आता, कर्म माझं!" असं पुटपुटत ते फोन शोधायला आतल्या खोलीत गेले आणि जाताना दार ओढून घेतलं.

सुचितानं टीव्ही-कॉम्प्युटरचे प्लग पुन्हा भिंतीत खोचले, कॅसेट मागे फिरवली, बटण दाबलं. टेप किंचाळू लागली.

"शर्यत मी पुरी करणारच आहे," ती म्हणाली. "सहा मिनिटं आहेत तुझ्यापाशी. बोल."

तो बोलला. अडखळत, थांबत, हातातली क्लिप तशीच धरून. टेप केव्हाच संपली, पडद्यावर पहिल्या दिवसाचा सूर्य उगवला, गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि मागच्या साऱ्या गाड्या एकेक करून पुढे निघून जात होत्या. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.