वाघदेव नदीकडं उतरला

काळू नदीवर धुकं असं बसलं होतं, की पलीकडं मुरबाडचे डोंगर हायेत का नाय, तेच कळंना. त्या धुक्यातून ललिता आली, जशी कोणी झोपेत चालत येते तशी.

"छायाताई, वाघदेव खाली उतरला वो."

छायाताई आसनगावच्या, खाजगी तपास करायच्या. सोबत देवजी रिक्षावाला. मनानं मोठा, डोक्यानं जरा संथ. ललिता वाडीच्या सुरक्षा समितीची प्रमुख.

नदीकाठी गॅसच्या टाक्यांचा डेपो येणार होता. दुपारी जनसुनावणी. समितीचं म्हणणं एकच: चार वर्षांमागं पुराचं पाणी वाघदेवाच्या पायाला लागलं, त्याच्याखाली टाकी नको. देव बघूनच पूररेषा लिहीन, असं अधिकारी बोललेले. आणि आज देवाची चंद्र-सूर्य कोरलेली सागाची फळी साठ पावलं खाली, पाण्याशी उभी. देव खाली, म्हणजे रेषाही खाली.

"उचला, परत ठेवा," देवजी बोलला.

"मग कंपनीवाला बोलंल, तुमीच हलवला. पुरात टाकी सुटली तर पयली आमचीच घरं हायेत, भाऊ. कोणी हलवला ते दुपारच्या आत कळाया पायजे."

वर देवाच्या जागी नुसता खड्डा. ललितानं चपला काढल्या, खड्ड्याला वळसा घातला. खाली फळीला ताजा शेंदूर, पुढं फोडलेला नारळ. देवाचं तोंड जंगलाकडं, जसं वर होतं तसंच.

छायाताईंनी एकेकाला बोलावलं, वरून खालपर्यंत चालवलं.

कंपनीचा संदीप बूट घालूनच खड्ड्यात उभा राहिला. "मॅडम, संशय माझ्यावरच येणार. पण मी कल्याणचा. मला देव कुठला, खांब कुठला, ओळखूही येत नाही." खाली जाऊन तो फळीला टेकला.

जाणूला डेपोवर वॉचमनची नोकरी कबूल झालेली. वर चपला काढून त्यानं हात जोडले, मग पायात घालून थेट फळीपाशी गेला. "नोकरी पायजे, खोटं कशाला बोलू? पण देवाला हात लावला तर हात झडंल ना माझा!"

शेवटी बुधूबाबा, वाडीचा भगत. म्हातारा आपल्याच तंद्रीत, खड्ड्याच्या काठावरून चपला फटफटवत उतरला. खाली दहा पावलं आधी चपला सोडल्या.

"कोणी हलवला, बाबा?"

"देव हाय तो. वाटंल तिथं जाईल."

छायाताईंनी सगळ्यांना जांभळीखाली बसवलं.

"नारळ फोडून माफी मागणारा इथलाच. देवाचं तोंड जंगलाकडं पायजे, हे संदीपना ठाऊक नाय. राहिले दोघं."

"जाणूच!" देवजी बोलला.

"थोबाडच तसं हाय माझं," जाणू कुरकुरला.

"जाणूनं चपला वर काढल्या, खाली नाय. ललितानंही वरच काढल्या. त्यांच्या मनात देवाची जागा अजून वरच. पण ज्यानं विधी करून देव उठवला, त्याच्यासाठी वर नुसता खड्डा. देव खाली. होय ना, बुधूबाबा?"

म्हाताऱ्यानं काठावरच्या फळीकडं बोट केलं.

"टाक्या जिथं येनार, तिथंच उभा केला. वाघाच्या अंगावर टाकी कोण ठेवंल? ते रेषेचं मला कोण बोललं?"

ललिताचा चेहरा उतरला. "मीटिंगला तुमाला बोलावलंच नाय, बाबा. बोललो, कागदाचं काम, म्हाताऱ्याला कशाला तरास."

"गावकीला न विचारता देव हलवला. चारचौघात सांगितलं तर माझं भगतपण जाईल, गो."

"नाय सांगितलं तर वाडी जाईल."

दुपारी धुकं विरलं, नदीकाठीच सुनावणी बसली. बुधूबाबा उठला, अधिकाऱ्यासमोर सगळं बोलला. संदीप लगेच उभा. "हे यांच्यातलेच. पाणी वर आलेलं कशावरून?"

म्हातारा चढ चढला. खड्ड्याच्या चार पावलं अलीकडं थांबला, कमरेला हात लावला.

"हितं एवढं पानी. माझी बायको बाईजा हात धरून उभी होती. हितनंच सुटली."

अधिकाऱ्यानं पेन खिशात ठेवलं, पूररेषेची खुंटी मागवली आणि वर, खड्ड्याशी जाऊन स्वतःच्या हातानं ठोकली.