बंद खोलीच्या दाराशी मेणबत्ती

ही घटना खरी आहे. ज्याच्या घरात घडली तो माझा चुलतभाऊ. त्याला थापा मारता आल्या असत्या, तर धंद्यात तो कुठल्या कुठे गेला असता.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या दुकानात रेडिओ चालू होता.

त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. दारं-खिडक्या बसवणं हे त्याचं काम. त्याने बसवलेली खिडकी बंद केली की बाहेर ट्रक उलटला तरी आत कळत नाही, असं गिऱ्हाईकं सांगतात. काम झालं की तो मेणबत्ती पेटवतो आणि चौकटीच्या कडेकडेने हळू फिरवतो. ज्योत हलली, तर तिथे फट आहे. ज्योत सरळ उभी राहिली, तरच तो हत्यारं पिशवीत भरतो.

गेल्या वर्षी त्याची बायको गेली. छातीचं दुखणं होतं. शेवटी शेवटी ती मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर नुसती बसून असायची. श्वास मोकळा व्हावा म्हणून रुमालावर निलगिरीचं तेल घ्यायची. बोलायच्या आधी दोनदा खाकरायची.

एक लहान... एक लांब.

ती गेल्यावर मिस्त्रीने खोलीतलं काहीच हलवलं नाही. फक्त खिडकीला आणि दाराला चहूबाजूंनी रबरी पट्टी लावून खोली बंद करून टाकली. आत तिचा वास होता. तो जाऊ नये, एवढंच.

मला त्यात काही वेडेपणा वाटला नाही. माझीही बायको गेली आहे. तिच्या उशीचा अभ्रा मी अजून धुतलेला नाही.

मग मिस्त्रीची लेक राहायला आली. जावई कामासाठी परगावी गेला होता. सोबत तिची छोटी, चार वर्षांची. पोर आली तेव्हा ठणठणीत होती. आठवडा गेला नाही तोच तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली.

डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण आधी घरातली हवा सुधारा. ओल कुठे आहे, बुरशी कुठे आहे ते शोधा. खिडक्या उघडा."

लेकीने पदर खोचला. पडदे धुतले. जुना गालिचा काढून टाकला. स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकणारा पंखा बसवून घेतला.

"बाबा, तुमच्या घरात डासालासुद्धा परवानगी काढून यावं लागतं."

"डास कशाला हवेत तुला?"

"डास नकोत. वारा तरी येऊ दे."

मिस्त्रीने बाकीच्या सगळ्या खिडक्यांच्या पट्ट्या उचकटल्या. आपलंच काम आपल्याच हाताने.

तरी छोटीची शिट्टी वाढतच गेली.

आणि एका भिंतीवरची बुरशी कितीही खरवडली तरी परत येत होती. ती भिंत मागच्या खोलीची होती.

"बाबा, ती खोली उघडा."

"ती नाही."

"ओल तिथूनच येतेय."

"त्या खोलीतून काही बाहेर येत नाही. पट्टी मी लावलीय."

"छोटीकडे बघा जरा."

"बघतोय गं. पण तुझ्या आईचं एवढंच राहिलंय माझ्याकडे."

"आणि मला ही एकच आहे, बाबा."

तो उठला. म्हणाला, "थांब, दाखवतोच तुला." त्याने घरातल्या खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि मेणबत्ती पेटवून त्या दाराशी उकिडवा बसला. मागे छोटी उशांना टेकून झोपली होती. तिची शिट्टी ऐकू येत होती.

त्याने ज्योत खालच्या कडेने फिरवली. सरळ.

बिजागरीच्या बाजूने. सरळ.

मग कडीच्या बाजूला...

ज्योत दाराकडे झुकली.

पट्टी सुटली असेल म्हणून त्याने अंगठ्याने दाबून पाहिली. घट्ट होती. ज्योत सरळ झाली. मग त्याच्या तोंडाकडे झुकली.

परत आत...

परत बाहेर...

"फटीतून वारा आत जातो, नाहीतर बाहेर येतो," तो मला नंतर म्हणाला. "असा येरझाऱ्या घालत नाही रे."

लेकीच्या ते आधी लक्षात आलं. ती एकदा ज्योतीकडे बघत होती, एकदा पोरीकडे.

छोटी श्वास सोडायची, तेव्हा ज्योत आत ओढली जायची.

छोटी सोडत होती... आणि दाराआड कुणीतरी घेत होतं.

मग आत ओढणं लांबत गेलं. शिट्टी बारीक होत गेली.

ज्योत दाराकडे झुकली... आणि परत आलीच नाही.

शिट्टी थांबली.

लेक ओरडली नाही. फक्त म्हणाली, "बाबा."

मिस्त्रीने पट्टी सुरीने फाडली आणि खांदा लावून दार ढकललं. दार उघडलं. पुढचं सांगताना त्याची मान खाली होती. अशा वेळीसुद्धा त्याने आत पाऊल टाकताच आधी वास घेतला.

वास नव्हता.

निलगिरीचा नाही, धुळीचा नाही, ओलीचाही नाही. काहीच नाही.

फक्त खिडकीची काच एका जागी वाफेने धूसर झाली होती. खाटेवर बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल, तिथे. एक गोल डाग. त्याच्या डोळ्यांदेखत तो आक्रसला...

आणि परत पसरला.

त्याने पट्टी ओरबाडून खिडकी सताड उघडली. त्याच्या अंगावरून काहीतरी घराकडे सरकलं. दाराशी ठेवलेली मेणबत्ती विझली. मागून छोटीने श्वास घेतल्याचा आवाज आला. लांब, मोकळा.

त्यानंतर शिट्टी वाजली नाही. भिंत कोरडी पडली. डॉक्टर म्हणाले, "बघा, हवेने किती फरक पडतो."

हे सगळं सांगायला मिस्त्री माझ्याकडे आला होता.

"मग आता बरं आहे ना?" मी विचारलं.

"बरं म्हणजे काय. छोटी मांडीवर येऊन बसते. तिच्या श्वासाला निलगिरीचा वास येतो."

"लेकीने तेल लावलं असेल."

"बाटली घरात नाहीये. मी बघितलं." तो हसला. बायको गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. "आणि बोलायच्या आधी खाकरते. एक लहान, एक लांब."

पोरीने आजीला शेवटच्या दुखण्यात पाहिलंही नव्हतं.

तो निघाला. हत्यारांची पिशवी उचलली. वरच रबरी पट्टीचं नवं वेटोळं होतं.

"कुठे काम निघालं?"

"घरीच. छोटी झोपते ना, त्या खोलीची खिडकी फार वाजते."

मी चप्पल घातली आणि त्याच्यासोबतच निघालो. लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, आजच्या आज निघ, सामान मी मागून पाठवतो. तिने एकदा बापाच्या पिशवीकडे पाहिलं. मग छोटीचे कपडे भरायला लागली.

संध्याकाळी दोघींना टॅक्सीत बसवलं. मिस्त्रीने आडकाठी केली नाही. टॅक्सीची काच वर होती. छोटीने काचेजवळ तोंड आणलं. ती आजोबांकडे बघत होती.

काचेवर एक गोल डाग पडला... आक्रसला... परत पसरला.

"जपून जा," मिस्त्री म्हणाला. "मी येतोच मागून."

कुणाला म्हणाला, ते मी विचारलं नाही.

लेकीचा फोन येतो. छोटी छान आहे म्हणते. फक्त झोपताना खिडकी लावू देत नाही.

उशीचा अभ्रा मी अजून धुतलेला नाही. तेवढं जमत नाही. पण माझी खिडकी आता रात्रभर उघडी असते.

मेणबत्ती मी घरात ठेवत नाही.