टोलेडोच्या मठातली रिकामी खोली

खोटं वाटलं तर खुशाल हसा. मीही असल्या गोष्टींना हसतच मोठा झालोय. पण मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारी चारला, स्पेनमधल्या आमच्या टोलेडोत जे झालं, तेव्हा मी स्वतः तिथे होतो.

मार्च लागला की आमच्या गावात पर्यटक घुसतात. बदामाचा मोहर अजून झडलेला नसतो, तोवर हे हजर. भिंतींचे फोटो काढतात. भिंतींचे!

माझा मावसभाऊ फर्मिन त्यांना गाव फिरवतो. शेवटचा थांबा नन्सचा मठ. भिंतीत लाकडी खण, गोल फिरणारा. बाहेरून म्हणायचं, "धन्य निष्कलंक मारिया." आतून सिस्टर म्हणणार, "जिला पापाचा स्पर्श नाही." खण फिरतो, बदामाची मिठाई बाहेर येते.

सिस्टर कधी दिसत नाहीत. त्या बाहेर येतच नाहीत, मरेपर्यंत.

जानेवारीत मठ बंद झाला. उरलेल्या तिघींना दुसऱ्या गावी नेलं.

पण मावशी, फर्मिनची आई, मठाची धुणी करायची. बाजूच्या दाराची चावी तिच्याकडेच राहिली होती.

"तू आत बस, बाईचा आवाज काढ," फर्मिन म्हणाला. "मिठाई दुकानातली."

"लाज वाटत नाही?"

"कोणाची? ह्या गाढवांची?"

बसलो. तीन आठवडे म्हातारीचा आवाज काढला. बाहेर लोक डोळे पुसायचे. मी आत तोंड दाबून हसायचो.

त्या शुक्रवारी बाहेरून हाक आली. "धन्य निष्कलंक मारिया..."

मी तोंड उघडलं.

"जिला पापाचा स्पर्श नाही."

मी बोललो नव्हतो.

आवाज माझ्या मागून आला होता...

वळलो. रिकामी खोली. एक स्टूल.

मग खण फिरला. आपोआप.

बाहेर टाळ्या. मिठाई मिळाली म्हणे. माझे सहा डबे पायाशी होते. सहाच्या सहा.

मी पळत बाहेर आलो.

"काय आवाज लावलास, भावा!" फर्मिन खूश.

"मी नाही बोललो."

"हो का? मग कोण, तुझी आजी?"

"आत कोणीतरी आहे, फर्मिन. पुढचा गट नको नेऊस."

"हट, भित्र्या. तू बाहेर थांब. मी बसतो."

तो आत गेला. आतून कुलूप लावलं, कोणी पर्यटक शिरू नये म्हणून. चावी एकच, ती त्याच्या खिशात.

पाचला डच नवरा-बायको आले. म्हातारा शिकवल्यासारखं बोलला, "धन्य निष्कलंक मारिया."

मी खणाला कान लावला.



"जिला पापाचा स्पर्श नाही."

बाईच. फर्मिनला असा आवाज सात जन्मात जमला नसता. डच बाई हरखली. मूर्ख.

खण फिरला.

त्यात मिठाई नव्हती. चावी होती.

मी धावत बाजूच्या दाराशी गेलो. कुलूप तसंच. त्याच चावीने उघडलं. फर्मिन स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. हात मांडीवर जोडलेले.

"फर्मिन! चावी का बाहेर टाकलीस?"

"तिने मागितली."

"कोणी?"

तो माझ्याकडे बघेना.

"म्हणाली, आत राहणाऱ्याला चावी लागत नाही."

ओढत घरी आणला त्याला. तेव्हापासून तो मागच्या खोलीत आहे. मावशी ताट दाराबाहेर ठेवते. ती गेली की तो आत घेतो. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर ताण आलाय. येऊन बघायची अक्कल नाही, फोनवर सांगितलं.

मला अजून कळत नाही. मी तीन आठवडे तिथे बसलो, मला का नाही ठेवून घेतलं?

काल मावशी वैतागली. सुतार बोलावला, खोलीचं कुलूप, कडी सगळं काढून टाकलं. दार सताड उघडं केलं.

"आता ये बाहेर, राजा," ती म्हणाली.

फर्मिन उठला. उंबऱ्यापर्यंत आला. आम्हाला वाटलं, सुटला.

त्याने दार हळूच आतून लोटून घेतलं.