घागरीतले मणी

कावेरीत पाणी नव्हतं म्हणून काठावर पुतळा आला. मला तरी दुसरं कारण दिसत नाही. कुठल्याशा मंडळानं घाटाच्या वरच्या पायरीवर पितळी बाई उभी केली, कमरेवर घागर घेतलेली. घागरीतून कारंजं पडायचं होतं म्हणे. मी मोटार-पंप दुरुस्त करतो, म्हणून आत डोकावून पाहिलं. ना पंप, ना नळी. नुसती पोकळी. पण लोकांना काय? दारासुरम्‌हून दुचाकीवर येतात, बाईच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात, शेंगांची टरफलं तिच्या पायाशी टाकून जातात.

आडी महिन्यात कावेरीला दिवस गेलेले असतात, असं इकडे मानतात. अठराव्या दिवशी तिला चित्रान्न, दहीभात, ताडपत्राची कुंडलं आणि दोऱ्यात ओवलेले काळे मणी वाहायचे. आम्ही तंजावरची मराठी माणसं, पण ही रीत इथलीच घेतली. यंदा माझ्या बायकोलाही, लावण्याला, दिवस गेले होते. याआधी दोनदा आम्ही दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतलो होतो. तिला आता काहीही चुकवायचं नव्हतं.

पण वाळूत मणी सोडायचे कसे? बायका पुतळ्याकडे वळल्या. लावण्यानंही आपले मणी त्या घागरीत टाकले.

माझी आत्या, त्रिपुरसुंदरी, हे ऐकून उखडलीच.

"घागरींत? अगे, वाहते तिला द्यावं! उभी आहे ती ठेवून घेईल."

"आत्या, पितळेला मणी काय करायचेत?" मी म्हटलं.

"तुज डोकं काय करायचं होतं? तरी देवानं दिलंच की."

दुसऱ्या सकाळपासून बाळ पोटात हलेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके आहेत, झोपलं असेल. ते झोपूनच राहिलं. लावण्या बंद दाराला कान लावून बसावं, तशी दोन्ही तळवे पोटावर ठेवून बसायची. मी रागवायचो. डॉक्टरांवर, आत्यावर, त्या मंडळावर. रागावण्यापलीकडे मला येत काय होतं?

मग धरणाचं पाणी पोचलं. मातकट, पायऱ्या चाटत.

"जा," आत्या म्हणाली. "ते मणी काढ नि लावण्याचं नाव घेऊन पाण्यात सोड."

"घागरीतून काढू?"

"नाही, माझ्या नाकांतून काढ!"

मी गेलो. विश्वास होता म्हणून नव्हे. लावण्या माझ्याकडे बघत होती म्हणून.

भर दुपार. घाटावर चिटपाखरू नाही. पितळ तापून हात लावू देत नव्हतं. मी घागरीजवळ कान नेला. आत काहीतरी हललं, बादलीत मासा उलटावा तसं. पाणी शिरलं असेल? पण नदी तर खाली होती. आणि नळी नव्हती, ते मीच पाहिलं होतं.

कोपरापर्यंत हात घातला. बाहेरून चटका, आत ओलसर आणि कोमट. बोटांना दोरा लागला.

दोरा धरला, तेवढ्यात कुणीतरी माझी करंगळी धरली.

चावलं नाही. ओढलं नाही. नुसती धरली. मऊ, इवल्याशा मुठीत.

हात उपसताना माझं कोपर सोलवटलं.

हातात दोन माळा आल्या, एकमेकींत गुंतलेल्या. तेच काळे मणी, तोच दोरा. लावण्याची कुठली, कळायला मार्ग नव्हता. निदान गाठ तरी सोडवायला हवी होती. पण मी तिथे क्षणभर थांबणार नव्हतो.

"लावण्या," म्हणालो, आणि तो गुंता तसाच पाण्यात फेकला. वाहून गेला.

घरी पोचलो तर ती दारातच उभी. हसत होती आणि रडत होती.

"अहो, हललं!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई बराच वेळ पोटावर यंत्र फिरवत राहिल्या.

"दोन आहेत," शेवटी म्हणाल्या. "एक दुसऱ्याच्या मागे लपलं असणार. होतं असं कधीकधी."

लावण्या मोठ्यानं हसली. मला हसता आलं नाही.

बाहेर बाकावर एक गरोदर बाई आपल्या आईबरोबर बसली होती. तमिळमध्ये हळू आवाजात तिला सांगत होती, "आडीला घागरीत मणी टाकले तेव्हापासून हलत नव्हतंच, अम्मा. पण काल दुपारपासून पोट हलकं वाटतंय. आत कुणी नसल्यासारखं."

लावण्या चालता चालता थांबली. डाव्या कुशीवर हात दाबला.

"काय गं?"

"या बाजूचं. बघा तरी, कसं उसळतंय!"

बाकावरची बाई बोलायची थांबली. लावण्याचा हात सैल झाला.

"थांबलं," ती म्हणाली.

बाई पुन्हा बोलू लागली.