दोन माणसांची ऊब

भिंत

जुन्या इमारतींमधून ऊब निसटू न देणं हा माझा धंदा. भिंतींना आतून जाड थर, खिडक्यांना दुहेरी काच, फटींमध्ये फोम. मग हीटर फारसा लागतच नाही. घरातल्या माणसांची ऊब घरातच राहते. आमच्या हिशेबात शांत बसलेलं माणूस म्हणजे एक मोठा, जुन्या पद्धतीचा बल्ब. किती माणसं राहतात ते सांगितलं, की संगणक खोलीचं तापमान सांगतो.

आईचं घर मी स्वतः केलं.

"तुझ्या बाबांचा जन्म गेला इथे कुडकुडण्यात," आई म्हणाली. "आणि आता घर उबदार. वरातीमागून घोडं!"

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

खुर्ची

थंडी पडल्यावर तपासायला गेलो. दुपार होती. हीटर बंद, आई बिनस्वेटरची. तापमान हिशेबाशी तंतोतंत जुळलं. असं कधी होत नाही. खुशीत लॅपटॉप उघडला, तर चूक दिसली. राहणारी माणसं: दोन. सवयीने लिहून गेलो होतो.

म्हणजे खोली याहून थंड असायला हवी होती.

उष्णता दाखवणारा कॅमेरा काढला. त्यात गरम ते लाल, गार ते निळं. टेबलाशी आई लाल. खिडकीजवळच्या बाबांच्या वेताच्या खुर्चीची पाठ लाल. बैठकही.

"तिथे कोण बसलं होतं?"

"कोण बसणार? साधं मांजर फिरकत नाही माझ्याकडे. तू तरी कुठे येतोस!"

उन्हाची तिरीप असेल म्हणून खिडकीवर चादर टाकली. खुर्ची भिंतीकडे सरकवली. रंग उतरेना.

मग मी एवढंच केलं. हिशेबात दोनचा एक केला. चूक दिसली की दुरुस्त करायची. आमच्या कामात हात आपोआप तिकडे जातो.

"अरे, शाल दे जरा," आई म्हणाली.

आई

खुर्ची लालच होती. आई भिंतीपेक्षा निळी.

एकचे पुन्हा दोन केले. सगळा हिशेब पुसून नव्याने मांडला. काही नाही. खिडक्या उघडल्या. माझ्याच हाताने लावलेला थर सुरीने फाडला. डॉक्टर म्हणाले, नाडी ठीक आहे, वय झालं की असं होतं. तिला माझ्या घरी नेलं, हीटरसमोर बसवलं. तिथेही हात गारच.

"मला आपलं घरी सोड," म्हणाली. "तिथे निदान खोली तरी उबदार असते."

असते. फक्त तिला लागत नाही. आणि ती रोज थोडी थोडी गार होत चालली आहे.

शाल

आज शालीवर शाल. चहाचा कप तिच्या ओंजळीत बघता बघता निवतो.

कॅमेरा धरला.

खुर्ची निळी.

आई निळी. शाल निळी.

शालीवर, दोन्ही खांद्यांवर, दोन लाल तळवे. बोटं पसरलेली. लाल रंग कापडावरच थांबलेला, आत उतरत नव्हता. तळवे जरा वर उचलले गेले. पुन्हा टेकले. आणखी घट्ट.

"अरे, चोळून तरी ठेव," मान न वळवता आई म्हणाली. "किती गार आहेत तुझे हात."

मी दोन्ही हातांनी कॅमेरा धरला होता.