उणे एकशे बासष्ट अंशांची टाकी

सकाळी साडेआठला मोनिका वाघचौरेंचा फोन आला आणि सव्वानऊला मेघा साळवे चिकलठाण्याच्या त्यांच्या कारखान्यात पोचलीसुद्धा. मेघा शहरात खासगी तपासाची कामं करायची. सोबत कडुबामामा, फुलंब्रीचे निवृत्त हवालदार. ते तिची गाडी चालवत आणि विचारात तिच्या दोन पावलं मागे राहत. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

शेडमध्ये स्टीलची लांबलचक टाकी आडवी ठेवलेली होती.

"किनाऱ्यावर द्रवरूप वायूच्या निर्यातीचा उद्योग उभा राहतोय," मोनिका म्हणाली. "उणे एकशे बासष्ट अंशांचा वायू असल्या टाक्यांतून परदेशी जाणार. त्या आपल्या भागात बनाव्यात म्हणून सरकार कारखान्यांना यंत्रं देणार, चाचणी केंद्र देणार. अकराला समिती येतेय, टाकी भरून बघायला. आणि कुणीतरी घात केला."

टाकीला थर्मासासारख्या दोन भिंती होत्या. मधली हवा पूर्ण काढून टाकलेली. सात ते आठच्या दरम्यान कुणीतरी त्या पोकळीचं झाकण उघडलं होतं. आत शिरलेली हवा उपसायला आता चार दिवस लागणार होते.

"टाकी भरलेली होती?" मेघानं विचारलं.

"रिकामी. समितीसमोरच भरायची होती."

झाकण टाकीच्या पायाशी होतं, पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. मेघा वाकली. टाकीच्या पोटाला, खालच्या नळीजवळ, खडूनं लहानसं वर्तुळ काढलेलं होतं.

त्या तासात शेडमध्ये तिघंच होते.

पहिला विश्वजीत, मोनिकाचा दीर. कारखाना विकून टाकावा, असं तो वर्षभर म्हणत होता.

"मला ही टाकी नको होती, ते सगळ्यांना ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण भरल्या टाकीला हात लावायला मी खुळा नाय."

"भरली होती?"

"कालच भरली ना?"

"हाच तो," बाहेर आल्यावर मामा पुटपुटले.

दुसरी सोनिया, तपासणी विभागाची. "अहवालावर माझी सही आहे. टाकी बिघडली तर पहिला ठपका माझ्यावर."

"मंगळवारच्या चाचणीत काही वेगळं दिसलं होतं?"

सोनिया घुटमळली. "थोडा गार द्रव भरून पाहिला, तेव्हा खालच्या नळीपाशी बाहेरून जराशी ओल होती. दमट हवेनं असेल, म्हणून सोडून दिलं. साहेबरावकाकांनी पण पाहिली."

साहेबराव तीस वर्षांचे जुने वेल्डर. टाकीचे आतले सांधे त्यांच्याच हातचे. मेघानं झाकण त्यांच्यापुढं धरलं. "काका, यावरचा नंबर वाचता का?"

त्यांनी हात लांब केला, मान तिरकी केली. "चार... चार... सात."

मामांनी डोकावून पाहिलं. नऊ, नऊ, एक.

पावणेअकराला मेघानं सगळ्यांना ऑफिसात बसवलं.

"घात करणारा झाकण भिरकावून देतो. हे फडक्यात गुंडाळलंय. ज्याची टाकीवर माया आहे, त्याचं हे काम. विश्वजीतना तर टाकी रिकामी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. सोनियाला टाकी अडवायची असती तर सही न करणं पुरेसं होतं."

ती थांबली. "आतला सांधा झिरपला की बाहेरची भिंत गार पडते, ओल धरते. त्या जागी खडूचं वर्तुळ आहे. दुरुस्तीची जागा वेल्डर अशीच खुणावतो. काका, टाकी भरायच्या आधी तुम्ही ती अडवलीत. सांधा तुमचाच होता, म्हणून सांगता आलं नाही."

साहेबरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"व्हय. मोतीबिंदू हाय. डॉक्टर लई दिवसांपासून म्हणतेत, आपरेशन करा. म्हणलं, टाकी होऊ द्या. मंगळवारी ओल दिसली अन् समजलं, माझा सांधा फुटका हाय. तीस वर्सांचं नाव, तोंड उघडंना. पण आज टाकी भरली असती तर झिरपलेल्या वायूचा दाब चढला असता, बाहेरचं कवच फाटलं असतं, अन् तुमी समदे तिच्यापाशीच उभे असता."

मामांनी आपण संशय घेतलेल्या विश्वजीतकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

अकराला समिती आली. मोनिकानं काहीही न लपवता सांगितलं. प्रमुख बाई स्वतः इंजिनिअर होत्या. त्यांनी बाहेरचा पत्रा कापायला सांगितला. कापायचं यंत्र विश्वजीतनंच ओढत आणलं. दुपारी तीनला वर्तुळाच्या बरोबर मागे, आतल्या सांध्यावर, केसाएवढी भेग दिसली.

बाईंनी वाकून ती भेग नीट पाहिली. "हे झाकून ठेवलं असतंत तर मदतीच्या यादीतून कारखान्याचं नाव गेलं असतं. सांधा नव्यानं करा. दीड महिन्यानं परत येते. पाठबळ द्यायला अशीच माणसं लागतात."

त्या गेल्यावर मोनिका साहेबरावांच्या पाया पडली. ते मागे सरकत राहिले, "ओ ताई, नका, नका."

चार दिवसांनी मोनिकानं समितीसाठीची कागदपत्रं सोनियाच्या हाती सोपवली आणि साहेबरावांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. गाडी मामांनी चालवली. कुणी सांगितलं नव्हतं, ते आपणहून आले होते.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात नर्सनं कागद पुढं केला. "इथं सही करा. पेशंटचं कोण तुम्ही?"

मोनिकानं पेन घेतलं.

"लेक," ती म्हणाली.