विहिरीला बांधलेलं अर्थिंग

लाइन गेली होती. पांढुर्ण्यात वीज गेली की बापूजींच्या ओट्यावर चार-पाच पोट्टे आपोआप गोळा होत. तीस वर्षं लाइनमन राहिलेल्या माणसाला तरी लाइन कधी येईल ते माहीत असेल, अशी आशा. बापूजी ते कधीच सांगत नसत. ते दुसरंच काही सांगत.

"दिलीप धोटे मास्तर आठवते का तुम्हाले?"

"सौंसरच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात ते?" वंदना म्हणाली. ती नागपूरला बी.एस्सी. करत होती, सुट्टीत काकांकडे आली होती. "बापूजी, भूत काढू नका हं. आम्ही काय लहान आहोत?"

"मी कुठं भूत म्हटलं? त्याले अर्थिंग पाहिजे होतं. तेवढंच सांगून राहिलो."

आणि बापूजींनी सांगितलं ते असं.

दोन वर्षांपूर्वीचा, म्हणजे शहाऐंशीचा मे महिना. दिलीप मूळचा मोहगावचा, पांढुर्ण्यात प्राथमिक शाळेवर मास्तर. आईवडील नव्हते. भावाचं पत्र दिवाळीला यायचं, तेही वहिनीच्या अक्षरात. शाळा सुटली की त्याला एकच नाद, गिटार. गुरू नाही. एक नोटेशनचं पुस्तक आणि रेडिओ, एवढ्यावर दोन वर्षं बोटं घासली. आवाजापायी गावातल्या दोन खोल्या सुटल्या. तिसरी मिळाली ती सावरगावच्या रस्त्याला, पंचफुलाबाईंच्या संत्र्याच्या बगिच्यात. आसपास घर नाही. हवं तेवढं वाजवा.

तो वाजवी. पण गाणं संपलं की खोलीत कुणी काही म्हणत नसे. छान नाही, बेकार नाही, बंद कर नाही. खोली सोडायला लावणारे शेजारीसुद्धा त्याला कधीकधी आठवत.

सौंसरच्या ऑर्केस्ट्रात शिरायचं, हे त्याचं स्वप्न. तिथे दहा जण होते. एकत्र वाजवत, एकत्र भांडत, एका टेम्पोतून लग्नांना जात. त्यांचा म्होरक्या रवींद्र. हिवाळ्यात दिलीप त्याला वाजवून दाखवायला गेला. गिटार साधी लाकडी, तारांखाली रबर लावून बसवलेला, तारांचा आवाज उचलणारा पिकअप.

रवींद्र म्हणाला, "मास्तर, ढोलक सुरू झाला की तुम्ही फक्त हात हलवून राहिले असं दिसते. आवाज आणा, मग या."

मग दिलीपनं नागपूरहून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. लाल, पोकळ नसलेली, खाटेच्या पायासारखी जड. रेडिओला जोडून वाजवली तर पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज. तेव्हा स्टेशनाजवळच्या नत्थूजी मेकॅनिकनं त्याला समजावलं, "अर्धं वाद्य हातात असते बाप्पा, अर्धं डब्ब्यात. डब्बा बनव." नत्थूजीनंच अॅम्प्लिफायर बनवून दिला. बारा इंची स्पीकर, सागवानी पेटी, समोर लाल दिवा. आता आवाज असा, की बगिच्यातले पोपट उडावेत. पण त्यासोबत एक घुंईऽऽ सुरू झाली. तारांवरून बोट उचललं की तीच. शिवाय तारेला घामेजला हात लागला की झिणझिणी.

"अर्थिंग नाही ना," नत्थूजी म्हणाला. "न्हाणीजवळ खड्डा कर, मीठ-कोळसा भर. रोज आंघोळीचं पाणी जाऊ दे त्याच्यात."

दिलीपनं खड्डा केला. पण एकट्या माणसाची आंघोळ ती केवढी, आणि ऊन मे महिन्याचं. खड्डा ठणठणीत कोरडा. मग त्यानं तेच केलं जे आपल्याकडे सगळेच करतात. खोलीमागे वीस पावलांवर जुनी विहीर होती. बोअर झाल्यापासून तिचं पाणी कुणी काढत नसे, पण पंपाचा लोखंडी पाइप आत तसाच होता. दिलीपनं अर्थिंगची तार दाराखालून बाहेर काढली आणि त्या पाइपाला बांधली.

"यात चूक काय आहे?" वंदना म्हणाली. "पाइप पाण्यात, पाणी जमिनीत. चांगलंच अर्थिंग."

"चांगलं नाही, लई चांगलं," बापूजी म्हणाले. "फक्त बांधायच्या आधी आत डोकावून पाहते माणूस. त्यानं पाहिलं नाही."

त्या रात्री घुंई बंद झाली. इतकी बंद, की दिलीपला आधी वाटलं अॅम्प्लिफायर जळाला. त्यानं एक छोटा तुकडा वाजवला, आठ-दहा सुरांचा. थांबला. आणि स्पीकरमधून तोच तुकडा परत आला. हळू, दुरून.

घुमला असेल, त्याला वाटलं.

दुसऱ्या रात्री त्यानं अवघड तुकडा घेतला. तिसरा सूर नेहमीसारखा चुकला. तुकडा परत आला, तेव्हा तिसरा सूर बरोबर होता.

दिलीप बराच वेळ गिटार मांडीवर घेऊन बसला. दार उघडून पळायला हवं होतं. पण त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं ऐकलं होतं. कुणीतरी म्हटलं होतं, इथे चुकलास. त्यानं तुकडा पुन्हा वाजवला. बरोबर वाजवला. आणि स्पीकरमधून पुढचा तुकडा आला.

असे आठ दिवस. शाळेला सुट्टी, मास्तर मंडळी आपापल्या गावी. दिलीप दिवसभर कुणाशी चार शब्द बोलत नसे. साडेनऊला लाल दिवा लावी. हात असा सुधारला की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. एक दिवस भाजी आणायला बाजारात उशीर झाला, तर तार लावताना तो सहज म्हणाला, "आज वेळ झाला बाप्पा, रागावू नको."

पंचफुलाबाईंनी एकदा विचारलं, "मास्तर, रात्री कोण येते तुमच्याकडं? दोघं वाजवल्यासारखं वाटते."

"कोणी नाही बाई." मग त्यानं विचारलं, "त्या विहिरीत कधी कोणी... काही झालं होतं का?"

म्हातारी चिडली. "माह्या विहिरीत कोणी मेलं नाही! उगा नाव नका घेऊ. आम्ही बगिचा घेतला तव्हापासून चांगली आहे. त्याच्या आधीचं मले काय मालूम?"

अठ्ठावीस मे, बुधवार. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या बसनं सौंसरला जायचं होतं. रवींद्रनं बोलावलं होतं. जमलं तर ऑर्केस्ट्रात जागा, आणि जूनपासून बदली करून घेऊन तिथेच खोली. रात्री साडेनऊला दिलीपनं दिवा लावला. तासभर दोघं वाजवत होते. इतकं चांगलं त्यानं आयुष्यात वाजवलं नव्हतं. शेवटी त्यानं तारांवर हात ठेवला आणि म्हणाला,

"उद्या जाऊन राहिलो. जमलं तर तिकडंच राहीन आता."

त्यानं एक तुकडा वाजवला. तो परत आला नाही.

पुन्हा वाजवला. काही नाही. बाहेर रातकिडेही गप्प होते... त्याच्या आत्ता लक्षात आलं.

मग स्पीकर वाजू लागला. आपण होऊन. दिलीप उद्या सौंसरला जे वाजवणार होता, तेच. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून.

"बस्स," दिलीप म्हणाला.

थांबलं नाही.

त्यानं बटण बंद केलं. लाल दिवा विझला. वाजणं चालूच. त्यानं प्लग उपटला. वाजणं चालूच.

राहिली तार. त्यानं तिच्यावर टॉर्चचा उजेड पाडला. तार बांधताना त्यानं हातभर जास्तीची सोडली होती, ती दाराशी सैल पडून असायची. आता तार ताणलेली होती. जमिनीपासून चार बोटं वर. आणि थरथरत होती.

कुणीतरी दुसऱ्या टोकाला ती छेडत होतं.

त्यानं पक्कड घेतली. तोडली.

टोक दाराखालून सर्रकन निघून गेलं. गवतावरून घासत गेल्याचा आवाज. मग पाइपावर एक ठण्ण.

मग काही नाही.

"करंट असेल..." ओट्यावर कुणीतरी पुटपुटलं. या वेळी ती वंदना नव्हती.

दिलीप भिंतीला टेकून बसला. गिटार छातीशी. किती वेळ गेला, माहीत नाही. मग विहिरीकडून एक सूर आला. एकच. किंचित उतरलेला. तो हळूहळू वर चढला... थांबला. पुन्हा उतरला. पुन्हा चढला.

त्याला कळलं. दोघं मिळून वाजवणाऱ्यांना ते लगेच कळतं. एक जण सूर देतो, दुसरा त्याला मिळवून घेतो. तिकडे कुणीतरी तार लावत होतं. आणि थांबत होतं.

याच्या सुरासाठी.

एक बोट हलवायचं होतं फक्त. एक तार छेडायची. बोट तारेवरच होतं... आणि बापूजींना नंतर दिलीपनं सांगितलं ते हे, की त्याला भीती वाटत नव्हती. वाईट वाटत होतं. तो सूर इतका एकटा होता, की त्याला तो ओळखीचा वाटला.

पण सकाळी आठची बस होती. दहा माणसं होती तिकडे.

त्यानं दुसऱ्या हातानं खुंट्या सोडल्या. एक, दोन... सहाही. तारा दोरीसारख्या लोंबल्या. आता द्यायचा म्हटलं तरी सूर देता आला नसता.

तिकडे कुणीतरी उजाडेपर्यंत विचारत राहिलं.

दिलीप बसनं गेला. बसमध्ये त्यानं तारा पुन्हा लावल्या. रवींद्रनं ऐकलं, आणि एवढंच म्हणाला, "एवढ्या दिवसांत कोण भेटलं मास्तर तुम्हाले?" त्याला जागा मिळाली. तो खोलीवर परत आला नाही. नत्थूजी बैलबंडी घेऊन गेला आणि पेटी, बिछाना, भांडी, सगळं उचलून आणलं.

"झालं?" वंदना म्हणाली. तिचा आवाज मघासारखा नव्हता. "त्याला मित्र मिळाले. चांगलंच झालं की."

"त्याचं चांगलंच झालं," बापूजी म्हणाले. "खोली रिकामी, म्हणून पंचफुलाबाईनं कनेक्शन कटवलं. मीच चढलो खांबावर, मीच तार कापली. माह्या हातानं. पुढं आषाढात तिचा निरोप आला, एकदा रात्री येऊन जा म्हणे. गेलो. खोलीले कुलूप. मी दारावरच्या मीटरवर टॉर्च मारला."

"मग?"

"आतली चकती फिरून राहिली होती. खांबावरून तार नाही, खोलीत दिवा नाही. थोडी फिरे... आणि थांबे. चांगली थांबून राहे, कोणी ऐकत असल्यासारखी."

"...आणि?"

"मग पुन्हा थोडी फिरे."